वरच्या मजल्याची किल्ली

किल्ल्या दोन होत्या, दोन्ही नव्या, दोन्ही चकचकीत. तरी सकाळपासून मातेइच्या दोन मुलांपैकी एकानेही त्यांना हात लावला नव्हता. घरे बांधून देणाऱ्या आंकाबाईंनी त्या तळहातावर धरून ठेवल्या होत्या आणि एक हात दुखला की त्या दुसऱ्या हातावर घेत होत्या. त्यांच्या मागे टेकडीच्या उतारावर पाच नवी घरे एका ओळीत उभी होती. पांढरी, कोरडी, आणि प्रत्येक दोन मजल्यांचे. समोर, खाली नदीकाठी, फळ्या आणि पत्रे ठोकून केलेल्या जुन्या झोपड्या होत्या. त्यांच्यात दर वसंतात पाणी शिरायचे, आणि ते ओसरल्यावर दर वसंतात सगळे म्हणायचे, यंदा कमीच आले.

"खालची किल्ली ग्रोफोला द्या," ट्रायान म्हणाला. "मी थोरला. थोरला वर."

"जा की वर," धाकटा ग्रोफो म्हणाला. "पार देवाच्या मांडीवर जाऊन बस. मला काय करायचंय? फक्त वहिनीला खाली ठेव."

"म्हणजे मी वर आणि माझी बायको खाली?"

"मग काय माझ्या डोक्यावर चालवतोस तिला? मी खाली जेवायला बसायचं, आणि वर मिंद्रावहिनीचा घागरा फिरायचा? माझ्या ताटावरून?"

जमलेल्या पुरुषांनी आपापल्या रुंद काठाच्या टोप्या चाचपल्या. ग्रोफो भांडखोर होता, आळशी होता, बापाच्या ऐरणीवर हातोड्याऐवजी कोपर टेकून बसणारा होता. पण या बाबतीत त्याचे चुकत नव्हते. बाईचे कमरेखालचे वस्त्र पुरुषाच्या डोक्यावरून गेले की पुरुष विटाळला. विटाळलेल्याचे ताट वेगळे, पेला वेगळा, आणि पंचायत त्याला शुद्ध करून घेईपर्यंत त्याच्या शेजारी बसून कुणी कॉफीसुद्धा पिणार नाही. वस्तीतले तांबट हे नियम गाड्यांतून भटकण्याच्या दिवसांपासून पाळत आले होते. आणि गाडीला वरचा मजला नसल्यामुळे ते पाळणे त्यांना फारसे जड गेले नव्हते.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" आंकाबाईंनी विचारले. दोन वर्षे त्या या वस्तीत येत होत्या. त्यांच्या बुटांना इथला चिखल आता ओळखत होता.

"बाई, तुम्ही विचारलंत खिडकी कुठे हवी, आम्ही सांगितलं," ट्रायान म्हणाला. "तुम्ही विचारलंत चूल कुठे हवी, तेही सांगितलं. बायकांच्या घागऱ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत. आणि परक्या बाईशी त्याबद्दल बोलायला आमच्या आईनं आम्हाला शिकवलेलं नाही."

"पण नकाशा दाखवला होता ना मी!"

"नकाशात दोन घरं शेजारी शेजारी होती."

खालचा मजला आणि वरचा मजला एकाच कागदावर शेजारी शेजारी काढलेले होते, जसे ते सगळीकडे काढतात. ट्रायानला त्यात दोन भाऊ, दोन घरे आणि मध्ये अंगण दिसले होते. पुढे भिंती वर वर चढू लागल्या तेव्हा दोघाही भावांनी मनाशी म्हटले, की बघा, या लोकांनी माझ्या घरावर माळाही काढून दिला. दुसऱ्याचे घर अजून बांधायचेच राहिले आहे, यात दोघांपैकी कुणालाही काळजी करण्यासारखे काही दिसले नव्हते.

"मी स्पष्टच सांगते," आंकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "संध्याकाळी घरवाटपाच्या कचेरीचा माणूस येतोय. पाचही घरांचे दोन्ही मजले भरलेले दिसले पाहिजेत. जो मजला रिकामा, तो कचेरी दुसऱ्या गावच्या लोकांना देणार. आणि लोक राहायला आले नाहीत, तर मागची कार्यशाळाही बंदच राहणार. कढया, दारूच्या भट्ट्या, सगळं पुन्हा त्या चिखलात ठोकत बसा."

बाकीची चार कुटुंबे मातेइच्या घराण्याकडे बघत उभी होती. मातेइची मुले जे करतील ते आपण करायचे, हे वस्तीत न बोलता ठरलेले असे. मातेइ जिवंत असतानाही आणि त्याची माती झाल्यावरही.

*

इस्पासकाकांना पंचायत आवडत असे. इतर लोक लग्नाला जातात तसे ते भांडणाला जात. आज त्यांची खुर्ची अक्रोडाच्या झाडाखाली मांडलेली होती, हातात आलुबुखाऱ्याच्या दारूचा छोटा पेला होता आणि दोन पुतणे एकमेकांना खाऊ की गिळू बघत होते. मातेइच्या या धाकट्या भावाच्या उतारवयात याहून अधिक सुख देवाने कुठून आणावे?

"बोला," ते म्हणाले. "प्रत्येकानं बोला. मूर्खासारखं बोललं तरी चालेल, सवय आहे."

"सगळे पुरुष वर, सगळ्या बायका खाली," शेजारच्या घरातला एकजण म्हणाला.

"आणि पोरं कुठे व्हायची? जिन्यात?"

"मग खाली घोडा बांधा."

"घोडा चालणार नाही," आंकाबाई म्हणाल्या.

"का? घोडा तर आमच्यात सगळ्यांत स्वच्छ."

"ग्रोफोनं घरात टोपी घालून बसावं," ट्रायान म्हणाला. "टोपी म्हणजे छप्परच की."

यावर बराच वेळ चर्चा झाली. टोपी हे छप्पर धरायचे की वस्त्र, वस्त्र असेल तर ते विटाळेल का, आणि विटाळलेली टोपी घालून झोपणाऱ्या माणसाची उशी कुणी धुवायची? इस्पासकाकांनी सगळ्यांचे ऐकून घेतले. आंकाबाईंचे डोळे पाणावल्यासारखे झाले होते, आणि ते हसण्याने की रडण्याने, हे त्यांनाही सांगता आले नसते.

आतापर्यंत या वस्तीतली गरिबी हटवायला इतकी माणसे येऊन गेली होती, की त्यांना कॉफी पाजून पाजून वस्ती अधिकच गरीब झाली होती. एकांनी मेणबत्त्या करायला शिकवले. एकांनी अंधाऱ्या खोलीत अळिंबी वाढवायला सांगितले. ती ग्रोफोच्या अंथरुणाखाली अजून उगवत होती. तांब्याबद्दल कुणीच विचारले नव्हते. आंकाबाईंनी विचारले. तुम्हाला काय येतं, असे त्यांनी विचारले होते, आणि त्या दिवशी ट्रायानने त्यांना एका पत्र्यापासून जोड नसलेली कढई ठोकून दाखवली होती. म्हणून तर आज लोक इतके घाबरले होते. निरुपयोगी वस्तू हातची गेली, तर माणूस हसतो. ही वस्तू उपयोगाची होती.

इस्पासकाकांनी पेला खाली ठेवला.

"माझ्या लहानपणी," ते म्हणाले, "थंडीत आपला मुक्काम शेतकऱ्यांच्या गोठ्यात असायचा. माळ्यावर गवतात कोण झोपायचं? माझी आजी. खाली आम्ही सगळे पुरुष जेवायचो. कुणी विटाळलं? कुणी नाही. कारण म्हातारी बाई ही बाई राहिलेलीच नसते. तिचा घागरा म्हणजे नुसतं कापड. ती पुरुषांत बसते, तंबाखू ओढते, पंचायतीत बोलते, डोक्यावरून गेली तरी चिमणी गेल्यासारखं." ते थांबले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तेव्हा घरात एखादी म्हातारी असेल, तर प्रश्नच मिटला."

कुणी ढगांकडे पाहू लागला, कुणी स्वतःच्या बुटांकडे. सफ्ताकडे कुणीही पाहिले नाही.

मातेइची विधवा सफ्ता उलट्या घातलेल्या तांब्याच्या हंड्यावर बसली होती, राणीसारखी. तिच्या वेण्यांतली सोन्याची नाणी कधीच विकली गेली होती. त्यांच्या जागी पितळी होती, पण वाजायची तशीच. मातेइ गेला त्या वर्षी ती अठ्ठेचाळीसची होती आणि तेव्हापासून अठ्ठेचाळीसचीच राहिली होती.

"उपाय चांगला आहे, भाऊजी," ती म्हणाली. "पण म्हातारी आणायची कुठून?"

"वहिनी, ट्रायान बावन्नचा झाला."

"झाला असेल. मुलं वाढतात."

"आणि तुम्ही अठ्ठेचाळीसच्या."

"हो."

"म्हणजे तुमच्या जन्माआधी चार वर्षं तुम्हाला तो झाला?"

"मी पहिल्यापासून कामाला चटपटीत," सफ्ता म्हणाली, आणि तिने दोन बोटांनी घागऱ्याचा काठ उचलला.

एवढेच केले. पण बाक उलटले, पेले सांडले, आणि मोठ्या मिशांचे पुरुष कोंबड्यांसारखे मागे सरकले. इस्पासकाका खुर्चीसकट सरकले. बावीस वर्षांपूर्वी, मातेइची माती होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा ते ऐरण आणि घोडा न्यायला भावजयीच्या दारात गेले होते. आणि तिने हाच काठ त्यांच्या टोपीवरून फिरवला होता. तो अख्खा हिवाळा ते वेगळ्या पत्र्याच्या ताटलीत जेवले. त्यांची बायको भाकर त्यांच्यापुढे लांबून टाकत असे. ऐरण जिथे होती तिथेच राहिली होती.

"बसा की," सफ्ता म्हणाली. "धूळ झटकत होते."

मग ती उठली, तंबाखू विसरली म्हणाली, आणि नदीकडच्या वाटेने खाली निघून गेली.

*

नव्या घराच्या मागे झांबिला पातेले ढवळत होती. कोबीच्या पानांत गुंडाळलेले डुकराचे मटण मंद शिजत होते. ती धाकटी सून, ग्रोफोची बायको; म्हणून स्वयंपाक तिचा, पाणी तिचे आणि सगळ्या घराचे कपडे तिचे. कपड्यांसाठी तीन घमेली होती: कमरेवरच्यांचे एक, पुरुषांच्या कमरेखालच्यांचे एक आणि बायकांच्या घागऱ्यांचे एक. पाण्यात हात घालून घालून तिच्या बोटांना या घराण्याचे सगळे माहीत झाले होते, आणि बोटे बोलत नाहीत.

थोरली जाऊ मिंद्रा चार हात लांब एका स्टुलावर बसली होती. तिचे बाजूला बसायचे दिवस होते. पातेल्याला हात लावायचा नव्हता.

"आणखी मीठ घाल," ती म्हणाली. "आणि ऐक. मला वर राहायला काय झालंय गं? मी दोन वर्षांपूर्वीच संपले."

"ठाऊक आहे, जाऊबाई."

"तुला कुणी सांगितलं?"

"कपडे कोण धुतं?"

मिंद्राच्या खांद्यांना हसू फुटले. "मग बोलली का नाहीस, सटवे? दर महिन्याला मला इथे बसवून ठेवतेस!"

"तुम्हाला तेवढीच सुट्टी. म्हटलं, बसू दे."

"सुट्टी कसली! कंबर मोडते या स्टुलावर. पण करू काय? सासू अठ्ठेचाळीसची आणि सून म्हातारी? लोक म्हणतील, ट्रायाननं आईपेक्षा मोठी बायको केली." तिने आवाज खाली आणला. "मला म्हातारी व्हायचंय गं. खुर्चीवर बसायचंय, पुरुषांच्या मध्ये. इस्पासकाका बडबडायला लागले की म्हणायचंय, काका, पुरे. पण आईंच्या आधी कशी होऊ?" ती थांबली. ढवळणाऱ्या हाताकडे तिने टक लावून पाहिले. "झांबिला. आईंचे कपडेही तूच धुतेस."

झांबिलाने पातेल्यावर झाकण ठेवले.

"लग्न होऊन आले तेव्हापासून," ती म्हणाली. "मी एकदाही पाहिलं नाही."

"मग जा! तिथे जाऊन सांग! आत्ता! आम्ही दोघी म्हाताऱ्या, मी नि आई. तिघं वर, तुम्ही खाली, झालं! तुझ्या पोरीची छाती बघ, घरघर करतेय. आणखी एक हिवाळा त्या ओलीत काढेल का ती?"

टोपलीत रूझा झोपली होती. तिच्या श्वासाबरोबर एक बारीक शीळ वाजत होती, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. झांबिला ती शीळ झोपेतही मोजत असे.

"मी सांगितलं तर घर मिळेल," ती म्हणाली. "पण पुरुषांसमोर सासूचा घागरा वाचून दाखवणारी सून त्या घरात राहणार कशी? आणि आईंकडे दुसरं आहे काय, जाऊबाई? इतकी वर्षं त्या एका काठावर त्यांनी हे घर धरून ठेवलं."

"मग मरा नदीत," मिंद्रा म्हणाली. पण तिने स्वतःच उठून टोपली झांबिलाच्या हातात दिली.

*

झोपडीत अंधार होता आणि ओल्या लाकडाचा वास होता. पाणी भिंतींवर जिथवर चढले, तिथे दर वर्षीची एक रेघ उमटलेली होती. सफ्ता त्या रेघांसमोर बसली होती. तंबाखू तिच्या खिशातच होती.

ती विचार करत होती, की माणसाला एकच हत्यार मिळते आणि ते नेमके कुठल्या दिवशी बोथट झाले हे त्याला कुणी सांगत नाही. मातेइ गेला तेव्हा दारात चार दीर उभे होते आणि तिच्याजवळ ना काठी होती ना बाप. कमरेला एक घागरा होता. त्या दिवसानंतर तिने जत्रेतली मारामारी थांबवली, ट्रायानला दारूच्या गुत्त्यातून घरी आणले, ग्रोफोने बापाची ऐरण भंगारात विकायला काढली तेव्हा ऐरणीवर काठ पसरून दोन दिवस बसून राहिली. दर महिन्याला चार दिवस ती स्टुलावर बसायची, कुणी विचारू नये म्हणून. पहिल्या वर्षी तिला त्याचे वाईट वाटले होते. मग स्टूल आवडू लागले.

झांबिला दारात येऊन उभी राहिली.

"ये. मिंद्रानं पाठवलं?"

"नाही. त्या मला नदीत ढकलायला निघाल्या होत्या."

"मग बोल, काय बोलायचंय ते."

"काही नाही," झांबिला म्हणाली. तिने टोपली कोरड्या फळीवर ठेवली. "एवढंच सांगायला आले, की मी कुणाला काही बोललेले नाही. आणि बोलणारही नाही. इथे राहावं लागलं तरी."

सफ्ताने तिच्याकडे बघितले नाही. रूझाच्या छातीतली शीळ झोपडीभर वाजत होती. बाहेर नदी तिला साथ देत होती.

"तीन घमेल्यांतलं तिसरं," सफ्ता म्हणाली. "तुला सोपं गेलं असेल."

"खूप. साबण वाचला."

सफ्ता हसली नाही. पण तिच्या वेण्यांतली पितळी नाणी किंचित वाजली. मग तिने विचारले, "ते वरचं घर. तू आत जाऊन आलीस?"

"आले. पाणी भिंतीतल्या नळातून येतं. आणि बाहेर येत नाही, आपण सोडल्याशिवाय."

"वर कुणी चाललं, तर खाली ऐकू येतं?"

"यांनी बघितलं काल. ट्रायानभावजी वर नाणं टाकून आले. खाली यांना स्पष्ट ऐकू आलं. आंकाबाई म्हणाल्या, फरशी पातळ आहे, पैसे पुरले नाहीत."

"नाणं ऐकू आलं," सफ्ता म्हणाली.

"हो."

"मग माणूस तर येईलच."

तिने टोपली स्वतः उचलली. दारातून बाहेर पडताना तिने भिंतीवरच्या सर्वांत वरच्या रेघेवर बोट फिरवले आणि ते घागऱ्याला पुसले.

*

कचेरीचा माणूस आला होता. तो घड्याळ बघत होता आणि मध्येच पातेल्याच्या दिशेने नाक वळवत होता. अक्रोडाखाली सगळे तसेच बसलेले होते. फक्त दारू थोडी उतरली होती आणि राग थोडा चढला होता.

सफ्ता सरळ इस्पासकाकांसमोर येऊन उभी राहिली.

"भाऊजी, टोपी काढा."

"कशाला?"

"काढा आणि खाली ठेवा. जमिनीवर."

इस्पासकाकांनी आजूबाजूला पाहिले. पंचायतीत कुणी त्यांच्याकडे बघत नव्हते. सगळे टोपीकडे बघत होते. त्यांनी ती काढली. त्यांचे टक्कल या वस्तीने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. टोपी गवतावर बसली, एखाद्या काळ्या कोंबडीसारखी.

सफ्ताने घागऱ्याचा काठ दोन्ही हातांत घेतला आणि टोपीवरून पाऊल टाकले. मग दुसरे पाऊल टाकले. काठ टोपीच्या शेंड्याला घासून गेला.

"आता घाला," ती म्हणाली.

"वहिनी—"

"तुम्हीच म्हणालात ना, म्हातारीचा घागरा म्हणजे नुसतं कापड? मग घाला की. तुम्ही घातलीत, तर मी म्हातारी. नाही घातलीत, तर मी बाई. पंचायत तुमची, डोकं तुमचं. मी काही बोलतच नाही."

इस्पासकाकांनी टोपी उचलली. ती त्यांच्या हातात जड झाली होती. म्हातारी आहे, हे त्यांना माहीत होते. सगळ्यांना माहीत होते. सत्तरीची बाई आहे, गुडघे वाजतात, दात आहेत तेवढे मोजून दाखवता येतील. पण त्या हिवाळ्यातली पत्र्याची ताटली त्यांना आठवत होती, आणि लांबून पडणाऱ्या भाकरीचा आवाज. ही बाई केवळ त्यांना छळायला म्हणूनही बाई राहू शकली असती.

"काका," ग्रोफो दबक्या आवाजात म्हणाला. "घाला ना. पोर खोकतेय."

"तुझं काय जातं सांगायला! टोपी माझी आहे."

"अंधार पडायच्या आत ठरलं तर बरं," कचेरीचा माणूस म्हणाला. काय ठरायचे आहे हे त्याला कळले नव्हते, पण माणसे अशी का उभी आहेत हे त्याने आंकाबाईंना विचारले नाही.

इस्पासकाकांनी डोळे मिटले आणि टोपी डोक्यावर ठेवली.

काहीच झाले नाही. अक्रोडाचे एक पान गळून काठावर पडले. इस्पासकाकांनी एक डोळा उघडला.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "एक सांगा. तेव्हा, त्या हिवाळ्यात... तेव्हा खरंच...?"

"ते तुम्हाला मरेपर्यंत कळायचं नाही, भाऊजी," सफ्ता म्हणाली, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, पुरुषांच्या मध्ये, जाऊन बसली.

तेवढ्यात मागून एक स्टूल फरफटत आले. मिंद्राने ते ट्रायानच्या आणि एका परक्या मिशीच्या मध्ये ठोकून बसवले आणि ती त्यावर बसली. "मीही," ती म्हणाली. "मीही म्हातारी. तंबाखू द्या कुणीतरी."

"तू?" ट्रायान म्हणाला. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. तुमचं लक्ष कुठे होतं?"

लोक हसले, पण ट्रायान हसला नाही; त्याला घाईघाईने बरेच काही आठवत होते. इस्पासकाकांनी बडबड सुरू करण्यासाठी घसा खाकरला, तेव्हा मिंद्रा धूर सोडत म्हणाली, "काका, पुरे." आणि हे वाक्य तिच्या मनात होते त्याहून छान निघाले.

पंचायतीने एवढेच जाहीर केले, की वर आई, थोरला आणि थोरली. खाली धाकटा आणि त्याची. ट्रायानच्या इटलीत दिलेल्या मुली भेटायला आल्या तर खालीच भेटतील. मग बाकीच्या चार घरांत एकदम गडबड उडाली. कोण कधीपासून म्हातारी, यावर जिन्याजिन्यांत भांडणे लागली, आणि काल ज्या वस्तीत एकही म्हातारी नव्हती, तिथे दिवस मावळायच्या आत आठ निघाल्या. एक तर फक्त चाळीसची होती. तिला परत पाठवले. आंकाबाईंनी दोन्ही किल्ल्या दिल्या आणि आपला रिकामा तळहात बराच वेळ चोळत बसल्या. मग झांबिलाने त्यांना पाहुण्यांच्या ताटात जेवायला वाढले. त्यांनी मीठ कमी असल्याचे सांगितले नाही.

*

जिना चढायला सफ्ताला वेळ लागला. तिने कुणाचा हात घेतला नाही. वरच्या खोलीत नव्या चुन्याचा वास होता आणि एक खिडकी होती, आणि खिडकीत नदी होती. सफ्ताने आयुष्यभर ती नदी खालून पाहिली होती. वरून ती लहान दिसली, बिनविषारी, कुणीतरी टाकून दिलेल्या फितीसारखी. आणि तिच्या काठची झोपडी तर इतकी लहान, की एवढ्याशा जागेत एवढी भांडणे मावली कशी, हे तिला कळेना. तिला वाटले, मातेइने हे पाहिले असते तर तो काय म्हणाला असता? बहुधा म्हणाला असता, उंच आहे, पडशील.

तिने घागऱ्यावरून हात फिरवला. आता ते कापड होते. चांगले कापड होते, एवढेच.

खाली ग्रोफोच्या घरात पुरुष जेवायला बसले होते. रूझाचा खोकला एकदा ऐकू आला, मग बराच वेळ आला नाही. ताटे वाजली, कुणीतरी हसले. मग ट्रायानचा आवाज चढला. कार्यशाळेत ऐरण कुठे ठेवायची, खिडकीपाशी की दारापाशी, आणि तिच्यापुढे आधी कोण बसणार? ग्रोफो म्हणाला, ऐरण बापाची. ट्रायान म्हणाला, बाप थोरल्याचा आधी. इस्पासकाका म्हणाले, ऐरण मुळात कुणाची होती, हे मला विचारा. एक पेला फुटला. कुणीतरी बाक मागे सारून उभा राहिला.

सफ्ताचा हात सवयीने घागऱ्याच्या काठाकडे गेला. दोन बोटांनी तिने तो उचलला, आणि मग तिला आठवले, आणि तिने तो सोडून दिला.

ती खोलीच्या मधोमध, नेमकी त्यांच्या जेवणाच्या मेजावर येईल अशी, जाऊन उभी राहिली, आणि तिने टाच उचलून फरशीवर एकदाच आपटली.

खाली सगळे गप्प झाले.